फादर लाग्रांज: पुस्तक अडवलं गेलं, तरी माणूस कामाला लागलेलाच

पोथीवाला

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीमागचं काम समजून घ्यावं म्हणून मी पाठचिकित्सेवरचं, म्हणजे हस्तलिखितं ताडून जुना पाठ ठरवण्याच्या शास्त्रावरचं, मिळेल ते वाचतो आहे. त्या आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांची आदिपर्वाची प्रस्तावना वाचली आणि लक्षात आलं, की हे शास्त्र युरोपात आधी ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर आणि बायबलवर घासून तयार झालेलं आहे. म्हणून बायबलच्या बाजूला वळलो आणि एका नावापाशी थांबलो: फादर मारी-जोसेफ लाग्रांज, फ्रेंच, डॉमिनिकन या कॅथलिक व्रतस्थ संघाचे, आयुष्य जेरुसलेममध्ये घालवलेले.

मला आतापर्यंत कळलं ते असं. १८९० मध्ये त्यांनी जेरुसलेमला बायबलच्या अभ्यासाची शाळा काढली. 'उत्पत्ती'वर, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकावर, त्यांनी लिहिलेलं भाष्य रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या वरिष्ठांनी, प्रसिद्ध होऊ दिलं नाही. १९१२ मध्ये त्यांची काही पुस्तकं सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) वापरायला बंदी आली. तरीही हे गृहस्थ शेवटपर्यंत धर्मगुरूच राहिले. त्याच काळातले आल्फ्रेड लुआझी १९०८ मध्ये चर्चमधून बहिष्कृत झाले. दोघे फ्रेंच, दोघे धर्मगुरू, वयात जेमतेम दोन वर्षांचं अंतर, दोघांच्या हातात अभ्यासाची तीच साधनं.

मला विचारायचं आहे ते हे. सकाळी वेदीवर ज्या ग्रंथाचं चुंबन घ्यायचं, त्याच ग्रंथाचे थर दुपारी टेबलावर सोडवायचे, हे एका माणसाला कसं जमतं? आणि वरून 'थांबा' असा हुकूम आल्यावर थांबणं हा भित्रेपणा नव्हे का? मी ख्रिस्ती नाही, पण कुचेष्टा करायला आलेलो नाही. आमच्या घरी पोथी सोवळ्यात वाचली जायची. पाठभेदांच्या अभ्यासाने मी त्या पोथीच्या अधिक जवळ गेलो, दूर नाही. म्हणून हा माणूस मला समजून घ्यायचा आहे.

रानजाई

मला पुरातत्त्वाच्या बाजूने ही शाळा माहीत आहे, एकोल बिब्लिक. मृत समुद्राच्या काठी कुमरानचं उत्खनन १९५१ ते १९५६ या काळात ज्यांनी केलं ते रोलां द व्हो याच शाळेचे, तेही डॉमिनिकन धर्मगुरू. फ्रेंच सरकारने १९२० मध्ये या संस्थेला पुरातत्त्वाची शाळा म्हणून मान्यता दिली. लाग्रांज यांच्या धार्मिक बाजूबद्दल उत्तर_वसई यांनी लिहावं, त्यांचा अभ्यास आहे.

उत्तर_वसई

रानजाई, आठवण काढलीत, आभार. पोथीवाला, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, उत्तर लांबेल. मी तरुणपणी काही वर्षं सेमिनरीत होतो. धर्मगुरू झालो नाही, शाळेत शिकवत राहिलो. आता आमच्या पॅरिशमध्ये बायबल वाचनाचा गट चालवतो. 'उत्पत्ती'चं पुस्तक काढलं की लाग्रांज यांच्याशिवाय मला पाऊल टाकता येत नाही.

आधी माणूस कोण ते पाहू. जन्म ७ मार्च १८५५, बूर्ग-आं-ब्रेस गावी. वडील नोटरी होते आणि त्यांच्या इच्छेने मुलगा कायदा शिकला, १८७८ मध्ये पॅरिसला कायद्याची डॉक्टरेट मिळवली. चरित्रं लिहिणारे ही गोष्ट एका ओळीत उरकतात, मला ती फार मोलाची वाटते. दस्तऐवज कुणी लिहिला, केव्हा लिहिला, कुणासाठी लिहिला, त्यावर मागाहून कुणाचा हात फिरला का, हे विचारण्याची सवय या माणसाला धर्मशास्त्राच्या आधी लागली होती. १८७९ मध्ये ते सां-मॅक्सिमां इथल्या मठात डॉमिनिकन झाले. पुढच्याच वर्षी फ्रेंच सरकारने व्रतस्थांना मठांतून बाहेर काढलं आणि ही तरुण मंडळी स्पेनमध्ये सालामांकाला गेली. गुरुदीक्षाही तिकडेच झाली, १८८३ मध्ये. मग वरिष्ठांनी व्हिएन्ना विद्यापीठात पाठवलं, तिथे असिरियन, इजिप्तची चित्रलिपी, अरबी, रब्बींचं हिब्रू वाङ्मय असा अभ्यास. तिथूनच थेट जेरुसलेमला रवानगी झाली.

शाळा १५ नोव्हेंबर १८९० रोजी सुरू झाली. जागा दमास्कस दरवाज्याच्या बाहेर, सेंट स्टीफनच्या मठात. वर्ग भरायचा तो एका जुन्या कत्तलखान्यात, आणि सामान म्हणाल तर टेबल, फळा आणि नकाशा. आज ज्या ग्रंथालयासाठी जगभरचे अभ्यासक तिथे जातात, त्याचा तेव्हा पत्ता नव्हता. पण लाग्रांज यांची कल्पना पहिल्या दिवसापासून पक्की होती: ग्रंथ आणि भूमी एकत्र वाचायची. विद्यार्थ्यांनी हिब्रू, अरामी, अरबी शिकायचं आणि घोड्यांवर, उंटांवर बसून प्रदेशही पालथा घालायचा. १८९२ मध्ये त्यांनी 'रव्ह्यू बिब्लिक' हे त्रैमासिक काढलं, १८९३ मध्ये सिनाईच्या वाळवंटात गेले. बायबलच्या दुसऱ्या पुस्तकात, 'निर्गम'च्या बाराव्या अध्यायात, इजिप्तमधून बायकामुलं सोडून सुमारे सहा लाख इस्राएली पुरुष पायी निघाल्याचं लिहिलं आहे. तो मजकूर हातात घेऊन सिनाईच्या कोरड्या दऱ्यांतून चालणाऱ्या माणसाला प्रश्न पडणारच. त्यांनी तो प्रश्न गिळला नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. बायबल काढा, 'उत्पत्ती'चे अध्याय ६ ते ९, नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट. ६:१९ मध्ये प्रत्येक प्राण्याचे दोन दोन घ्यायला सांगितलं आहे. ७:२ मध्ये शुद्ध प्राण्यांच्या सात सात जोड्या. ७:१२ मध्ये चाळीस दिवस पाऊस, ७:२४ मध्ये पाण्याचा जोर दीडशे दिवस. मूळ हिब्रूत काही ओळींत देवाला एलोहिम म्हटलं आहे, काहींत याव्हे. दोन गोष्टी एकमेकींत विणल्या आहेत आणि विणणाऱ्याने कुठलीच टाकून दिलेली नाही. हे लाग्रांज यांनी शोधलं असं नाही. जर्मन प्रोटेस्टंट अभ्यासक, त्यांत वेलहाउझेन मुख्य, ही मांडणी आधीच करून बसले होते. चर्चची परंपरा सांगत होती की बायबलची पहिली पाचही पुस्तकं इस्राएली लोकांचा नेता मोशे याने लिहिली. लाग्रांज यांनी १८९७ मध्ये फ्रिबुर्गच्या कॅथलिक विद्वानांच्या परिषदेत उभं राहून मांडलं, की या पाच पुस्तकांमागे वेगवेगळे स्रोत आहेत हे कॅथलिक माणसाला श्रद्धा न सोडता मानता येतं. आज हे सहज वाटतं. त्या सभागृहात ते सहज नव्हतं.

श्रद्धा न सोडता म्हणजे कशी? हा सगळा माणूस कळायचा असेल तर हे नीट वाचा. त्यांचं म्हणणं असं, की ईश्वरी प्रेरणा म्हणजे देवाने कानात शब्द सांगावेत आणि माणसाने ते उतरवून घ्यावेत, असं नव्हे. देव लेखकाचं मन, त्याची भाषा, त्याच्या काळातलं ज्ञान, त्याला मिळालेली जुनी टिपणं आणि त्याच्या समाजातली गोष्ट सांगायची रीत, हे सगळं वापरतो. कृती पूर्णपणे देवाची आणि पूर्णपणे माणसाची. ही विचारसरणी त्यांनी थॉमस अक्वायनसकडून घेतली, तेराव्या शतकातल्या आपल्याच संघबंधूकडून. म्हणजे नवं काम करायला त्यांनी जुन्या घरातलीच हत्यारं काढली. त्यामुळे वेदीवरचा लाग्रांज आणि टेबलावरचा लाग्रांज अशी दोन माणसं करायची त्यांना गरज पडली नाही. लेखकाने कुठली जुनी टिपणं वापरली, ती कुठे जोडली, हे शोधणं म्हणजे देवाने कसं काम केलं ते पाहणं. ते मनापासून असंच मानत.

आमच्या गटातल्या एका मावशींनी मला एकदा विचारलं होतं, "मोशेने लिहिलं नाही, तर आम्ही लहानपणापासून काय ऐकत आलो?" मी त्यांना 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय वाचायला दिला. त्यात मोशेचा मृत्यू आणि त्याचं दफन आहे, आणि त्याची कबर आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही असंही वाक्य आहे. मावशींनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे त्याच्या मागून त्याच्याच माणसांनी लिहिलं असणार. मग बाकीचंही त्यांनीच सांभाळलं असेल." लाग्रांज यांना हे ऐकून आनंद झाला असता, याची मला खात्री आहे.

घाव कसे बसत गेले ते आता सांगतो. १९०२ मध्ये तुलूझला व्याख्यानं दिली, ऐतिहासिक पद्धतीवर, मुख्यतः जुन्या कराराबद्दल, म्हणजे बायबलच्या येशूच्या आधीच्या भागाबद्दल. १९०३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि वादळ उठलं. जून १९०६ मध्ये रोमच्या बायबल आयोगाने निर्णय दिला, की ही पाच पुस्तकं मोशेची नाहीत असं म्हणायला पुरेसा आधार नाही. लाग्रांज स्वतः त्या आयोगाचे सल्लागार होते! १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांचं आधुनिकतावादाविरुद्ध, म्हणजे श्रद्धेला आधुनिक विचारांच्या कसोट्या लावणाऱ्या प्रवाहाविरुद्ध, परिपत्र आलं, आणि त्याच सुमारास 'उत्पत्ती'वरच्या भाष्याचा मार्ग बंद झाला. संघाचे प्रमुख फादर कॉर्मिए यांनी त्यांना जुना करार सोडून नव्या कराराकडे वळायला सुचवलं. ते वळले. आणि तिथे मार्क १९११, रोमकरांस पत्र १९१६, गलतीकरांस पत्र १९१८, लूक १९२१, मत्तय १९२३, योहान १९२५. एकेक भाष्य म्हणजे ग्रीक मूळ, पाठभेद, भाषांतर आणि ओळीओळीवर टीप असा जाडजूड ग्रंथ. मध्ये १९१२ चा बंदीहुकूम. तो आल्यावर त्यांनी पोपना अधीनतेचं पत्र लिहिलं, जेरुसलेम सोडून फ्रान्सला गेले, पुढच्या वर्षी परतले. पुढे महायुद्ध आलं, तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर फ्रेंच नागरिकांना तिथे राहता येईना, ती वर्षं पॅरिसमध्ये. पण ग्रंथ थांबले नाहीत.

याला मी भित्रेपणा म्हणत नाही. भित्रा माणूस १९१२ नंतर प्रवचनांची पुस्तकं लिहीत बसला असता.

मुळाक्षर

उत्तर_वसई, लिहिलंत छान, पण मला पटलं नाही. तुम्ही त्या माणसाच्या सोसण्याला सुंदर करून टाकताय. हिशेब सरळ मांडू या. लाग्रांज मार्च १९३८ मध्ये वारले. पोप बारावे पायस यांनी बायबलच्या शास्त्रीय अभ्यासाला मोकळीक देणारं परिपत्र काढलं सप्टेंबर १९४३ मध्ये. म्हणजे ज्याचं म्हणणं मान्य झालं तो ते पाहायला जिवंत नव्हता. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत किती तरुण धर्मगुरू काहीच न वाचता बाहेर पडले असतील? लुआझींनी जे वाटलं ते उघड छापलं आणि किंमत मोजली. मला तो मार्ग जास्त सरळ वाटतो. आज्ञापालनाचं कौतुक संस्थेला नेहमीच सोयीचं असतं.

उत्तर_वसई

मुळाक्षर, तुमचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. नुकसान झालं आणि ते मोठं झालं. १९१० पासून धर्मगुरूंना आणि सेमिनरीतल्या प्राध्यापकांना आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यावी लागे, ती १९६७ पर्यंत चालली. त्या काळात शिकलेल्या कितीतरी धर्मगुरूंनी आम्हाला जलप्रलयाबद्दल एक शब्द शिकवला नाही, कारण त्यांनाच कुणी शिकवला नव्हता. याचा राग मलाही येतो. लाग्रांज यांच्याशी जे झालं ते अन्यायाचं होतं, असं मी आमच्या गटातही स्पष्ट बोलतो.

लुआझींबद्दलही माझ्या मनात आकस नाही. विद्वत्ता मोठी होती आणि त्यांनी आपलं खरं मत लपवलं नाही. पण दोघांचं म्हणणं एकच होतं आणि एक धीट, दुसरा भिडस्त, असं चित्र तुम्ही काढता ते बरोबर नाही. लुआझींचं १९०२ चं गाजलेलं पुस्तक आलं तेव्हा लाग्रांज यांनी 'रव्ह्यू बिब्लिक'मध्ये त्याच्यावर टीका केली. रोमला खूश करायला केली असं म्हणावं, तर त्या सुमारास ते स्वतःच संशयाच्या फेऱ्यात होते. त्यांना खरोखर वाटत होतं की लुआझींची पद्धत येशूच्या इतिहासाबद्दल पुराव्यापेक्षा पुढे जाते. लुआझी चर्चबाहेर पडले कारण त्यांची श्रद्धा वेगळ्या ठिकाणी पोचली होती. लाग्रांज राहिले कारण त्यांची तिथे पोचलीच नव्हती. राहणं त्यांच्यासाठी डावपेच नव्हता. रोज मिस्सा करणारा, जपमाळ ओढणारा माणूस होता तो.

शाळेचाही विचार करा. ते निघून गेले असते तर शाळा टिकली असती का, मला शंका आहे. ती टिकली म्हणून शाळेतल्या व्हँसां यांनी जेरुसलेमच्या पुरातत्त्वावर आयुष्यभर काम केलं, आबेल यांनी पॅलेस्टाइनचा भूगोल लिहिला, आणि सीरियातल्या रास शाम्राच्या मातीच्या पाट्यांवरची अनोळखी लिपी १९३० मध्ये ज्या थोड्या लोकांनी उलगडली त्यांत धोर्म होते. हेच धोर्म १९३१ मध्ये संघ आणि धर्मगुरूपण सोडून गेले. ते लाग्रांज यांचे विद्यार्थी, सहकारी, शाळेचे संचालक. म्हणजे या एका छताखाली राहणारेही होते आणि जाणारेही. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर माझी गोष्ट फारच गुळगुळीत होईल.

एक गोष्ट राहिली, आणि माझ्यासाठी ती सगळ्यांत मोठी आहे. १९३५ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे ते जेरुसलेम सोडून सां-मॅक्सिमांला परतले, जिथून सुरुवात केली त्याच मठात. तिथे ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने काय हाती घेतलं? 'उत्पत्ती'. तीस वर्षांपूर्वी अडवलेला तोच विषय. मोशेचं कर्तृत्व आणि स्रोतांची उपपत्ती यांवरचा त्यांचा लेख 'रव्ह्यू बिब्लिक'च्या १९३८ च्या एप्रिल अंकात आला, ते वारल्यानंतर काही आठवड्यांनी. त्यांनी आज्ञा मोडली नाही आणि प्रश्नही सोडला नाही. मुळाक्षर, याला तुम्ही सोसण्याचं सौंदर्य म्हणा, मी याला चिवटपणा म्हणतो.

१९४३ च्या परिपत्रात जेरुसलेमच्या या शाळेचा गौरवाने उल्लेख आहे. तिथल्याच मंडळींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेलं फ्रेंच 'जेरुसलेम बायबल' १९५६ मध्ये एका खंडात निघालं. लाग्रांज यांचे अवशेष १९६७ मध्ये सेंट स्टीफनच्या बॅसिलिकात नेऊन ठेवले, त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याची प्रक्रिया सुरू आहे. गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखं आहे: त्यांना जुन्या करारापासून दूर जायला सांगणारे कॉर्मिए १९९४ मध्येच धन्य घोषित झाले. या दोघांचा पत्रव्यवहार मोठा होता आणि कॉर्मिए त्यांना सतत सांभाळून घेत होते. अडवणारा आणि सांभाळणारा एकच माणूस असू शकतो, हे मला त्यातून कळलं.

मुळाक्षर

एप्रिल १९३८ चा लेख मला माहीत नव्हता. माझं मत पूर्ण बदललं असं नाही, संस्थेने त्यांना जिवंतपणी न्याय द्यायला हवा होता यावर मी ठाम आहे. पण लाग्रांज गप्प बसले, असं मी आता म्हणणार नाही.

पोथीवाला

दोघांचेही मनापासून आभार. स्रोत वेगळे करणं आणि पाठभेद तपासणं ही दोन निराळी कामं आहेत हे मला आत्ता नीट उमगलं. सुकथनकर हस्तलिखितांतून पोहोचता येईल तेवढ्या जुन्या पाठापाशी थांबतात, त्याच्या आधीचे थर उकलत नाहीत. लाग्रांज दोन्ही करत होते असं दिसतं. फ्रेंच येत नसलेल्याने कुठून सुरुवात करावी?

उत्तर_वसई

बरोबर ओळखलंत. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट, १६:९ ते २०, या बारा ओळी व्हॅटिकन आणि सिनाई या दोन सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. तो प्रश्न पाठभेदाचा. जलप्रलयाचा प्रश्न स्रोतांचा, तिथे सगळी हस्तलिखितं एकमताने तोच विणलेला मजकूर देतात.

तुलूझच्या व्याख्यानांचं इंग्रजी भाषांतर १९०५ मध्येच झालं होतं, जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहांत शोधा. येशूच्या जीवनावरचं त्यांचं १९२८ चं पुस्तकही इंग्रजीत दोन खंडांत आहे, ते सामान्य वाचकांसाठी लिहिलेलं आहे आणि त्यात पॅलेस्टाइनची जमीन पानोपानी जाणवते. पण त्याआधी एक करा. आमच्या गटात मी करून घेतो तेच. 'उत्पत्ती' ६ ते ९ ची छापील प्रत काढा, दोन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि स्वतः दोन गोष्टी वेगळ्या करा. मराठीत एलोहिमसाठी देव आणि याव्हेसाठी परमेश्वर असं बहुतेक भाषांतरांत पाळलेलं असतं, तेवढा धागा पुरे आहे.

पोथीवाला

केलं. सहावा अध्याय सोपा गेला. सातव्यात ७:८-९ ला अडकलो. शुद्ध आणि अशुद्ध प्राण्यांचा भेद आहे, म्हणजे परमेश्वरवाली गोष्ट. पण जोड्या दोन दोनच, आणि आज्ञा करणारा 'देव'. कोणता रंग देऊ?

उत्तर_वसई

तिथे भले भले अडतात. विणणाऱ्याने स्वतः दोन टोकं जुळवायला ही ओळ घातली असावी असं काही अभ्यासक म्हणतात, काही ती एका स्रोताला देऊन नंतर तिच्यात फेरफार झाला असं मानतात. मी माझ्या प्रतीत तिला दोन्ही रंग दिलेत. आठव्या अध्यायातला कावळा आणि कबुतर करून झालं की इथेच लिहा, तिथेही बोलायला बरंच आहे.